साखर पूर्ण बंद की नुसती कमी? चार माणसांच्या घराचा हिशेब

उंबरठा

जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं म्हणून धागा काढतोय.

घरात चौघं. आम्ही नवराबायको चाळिशीतले, मुलगी नऊ वर्षांची, वडील अडुसष्टचे. महिन्याला साडेतीन किलो साखर आणि किलोभर गूळ संपतो. आम्हा दोघांचा दिवसाला तीन-तीन कप चहा, कपाला दीड चमचा साखर. वडिलांना सहा वर्षांपासून शुगर आहे. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही एकत्र असलेली गोळी चालू, चहा आधीपासूनच बिनसाखरेचा, शेवटचं एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ७.४. बायकोचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१० आलेत.

पुढच्या महिन्यापासून घरात साखर आणायचीच नाही असा विचार आहे. त्याआधी काही शंका:

१. पूर्ण बंद केल्याने खरोखर काय पदरात पडतं?
२. गूळ चालेल का?
३. शुगर फ्रीच्या गोळ्या आणि पावडरी कितपत बऱ्या?
४. याचे तोटे काय? ते कोणी बोलतच नाही.
५. साखरांबा, श्रीखंड, दिवाळीच्या शंकरपाळ्या यांचं काय करायचं?

---

वजनकाटा

आधी हिशेब मांडू. साडेतीन किलो म्हणजे रोजची ११७ ग्रॅम साखर, गुळाचे ३३ धरून दीडशे. वडिलांच्या पोटात यातलं फार जात नसणार. म्हणजे उरलेल्या तिघांत माणशी पन्नास ग्रॅम.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी दहा टक्क्यांहून कमी कॅलरी वरून घातलेल्या साखरेतून याव्यात, आणि पाच टक्क्यांच्या आत आणता आल्या तर आणखी बरं. यात गूळ, मध, काकवी, फळांचा रस सगळं मोजायचं. अख्खं फळ आणि दुधातली साखर मोजायची नाही. २००० कॅलरी खाणाऱ्याला दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम, पाच टक्के म्हणजे २५. मुलीचा आहार त्याहून लहान, म्हणून तिची मर्यादा चाळीसच्या आसपास. थोडक्यात, बिस्किटं, सॉस, बाहेरचं खाणं न धरताच तुम्ही काठावर आहात.

आता ही साखर जाते कुठे ते बघा. चहाचा चमचा सपाट भरला तर चार ग्रॅम बसते. पण सपाट चमचा कोण घालतं? शिगेचा चमचा सहा-सात ग्रॅमचा होतो. दीड चमचा म्हणजे दहा ग्रॅम. सहा कपांचे साठ, महिन्याला एक किलो आठशे. निम्म्याहून जास्त साखर एकट्या चहात गेली.

याउलट आमटीत सुपारीएवढा गूळ पडतो, सात-आठ ग्रॅम. चौघांत वाटला की माणशी दोन. कोशिंबिरीतली चिमूट तर धरूच नका. पण लोक साखरबंदीची सुरुवात नेमकी इथूनच करतात. आमटी आंबट, भाजी तुरट, आठवड्यात घर वैतागतं, आणि चहा मात्र होता तसाच. आमटीतला गूळ राहू द्या हो. तो गोडासाठी नाही, चिंचेला सावरायला आहे.

चहाची साखर एकदम तोडू नका. दोन कपांच्या आधणात आता वीस ग्रॅम पडते. एक पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा डब्यात टाकून ठेवा आणि नेहमीचा चमचा बाहेर काढा. पहिला आठवडा चार सपाट चमचे, दुसरा तीन, मग दोन, मग एक. पाचव्या आठवड्याला शून्य, किंवा जिथे जीव रमेल तिथे थांबा. कपाला अर्धा सपाट चमचा राहिला तरी दिवसाचे साठ ग्रॅम बारावर येतात.

बहुतेकांचं गाडं तिसऱ्या आठवड्यात अडतं, आणि त्याला कारण पत्ती. साखर कडूपणा झाकते. ती कमी झाली की पाच-सात मिनिटं उकळलेली डस्ट काढ्यासारखी लागते. म्हणून साखरेबरोबर पत्तीही पाऊण करा, पत्ती घातल्यावर दोनच मिनिटं उकळा, आलं-वेलची आधी पाण्यात उकळून घ्या, दूध चमचाभर वाढवा. आणि एका वेळी एकच गोष्ट सोडा. चहाच बंद केला तर दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं ते कॅफिन तुटल्यामुळे. लोक त्याला ‘शरीर साखर मागतंय’ म्हणतात.

फायद्याचं गणित: पन्नास ग्रॅमचे पंधरा केले तर रोज १४० कॅलरी वाचतात, महिन्याला सव्वाचार हजार. किलोभर चरबीला साधारण ७७०० कॅलरी धरतात. म्हणजे कागदावर महिन्याला अर्धा किलो. तेही ती भूक फरसाणाने भागवली नाही तर. ‘साखर सोडली, महिन्यात सहा किलो उतरलो’ असं सांगणाऱ्याने भात-पोळी-तळणही सोडलेलं असतं, आणि पहिल्या आठवड्यातलं बरंचसं पाणी असतं.

ट्रायग्लिसराइडला मात्र फरक पडायची चांगली शक्यता आहे. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज, तो बराचसा यकृतातच जिरवला जातो आणि जास्त झाला की तिथे त्याची चरबी बनते. यकृतावर चरबी असेल तर हा मुद्दा आणखी महत्त्वाचा. तीन महिन्यांनी बारा तास उपाशी राहून पुन्हा तपासा.

वडिलांबद्दल एक स्पष्ट बोलतो. त्यांचा चहा आधीच बिनसाखरेचा आहे, त्यामुळे घरातली साखर बंद केल्याने त्यांचं ७.४ फारसं हलणार नाही. त्यांच्या ताटात भाताच्या वाट्या किती, ते बघा. शिजलेल्या भाताच्या दीडशे ग्रॅमच्या एका वाटीत चाळीस ग्रॅम कर्बोदकं असतात. उपासाला ७५ ग्रॅम साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर पासष्ट. चमचाभर साखर चार ग्रॅमची, तिच्या नावाने आरडाओरडा आणि साबुदाणा ‘उपासाचा’ म्हणून माफ, हे गणित मला कधी कळलेलं नाही.

---

रानमेवा

साखर विषच आहे, बंदच करा. पण गुळाला दोष देऊ नका. गुळात लोह आहे, खनिजं आहेत, आपल्या पूर्वजांनी गूळच खाल्ला. चहात गूळ, दुधात काकवी, मुलीला पोळीबरोबर मध. सेंद्रिय, काळसर गूळ घ्या म्हणजे झालं.

---

दोनतारी

रानमेवा, काळसर गूळ घ्या हे बरोबर. पिवळाधमक गूळ बहुतेक वेळा हायड्रॉस नावाचं रसायन घालून उजळवलेला असतो. पण बाकीचं जरा तपासून घेऊ.

गूळ म्हणजे उसाचाच रस आटवलेला. त्यातला बहुतांश भाग साखरच, उरलेलं थोडं पाणी आणि खनिजं. साखरेच्या ग्रॅमला चार कॅलरी, तर गुळाच्या पावणेचार. शंभर ग्रॅम गुळात लोह चार-पाच मिलिग्रॅम. दिवसाला दहा ग्रॅम खाल्ला तर अर्धा मिलिग्रॅम मिळेल. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला रोज २९ मिलिग्रॅम लागतं. लोहासाठी गूळ खायचा तर आधी मधुमेहाची तयारी करावी लागेल. रक्तातली साखर वाढवायला गूळ साखरेच्या मागे नाही. मधाचंही तेच. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो (इथे तसं बाळ नाही, पण धागा वाचणारे बरेच असतात).

गुळाचा खरा उपयोग चवीत. त्याला स्वतःचा वास आणि खमंगपणा आहे, म्हणून काही पदार्थांत कमी घालून भागतं. औषध म्हणून नको, मसाला म्हणून वापरा.

गुळाचा चहा फाटतो अशी तक्रार पुढे येणारच, म्हणून आधीच सांगते. गूळ किंचित आंबट असतो, त्यात क्षार असतात. उकळत्या दुधात तो पडला की दूध नासतं. दोन कपांना पाणी, आलं, पत्ती उकळा, गॅस बंद करा, दोन सपाट चमचे किसलेला गूळ घालून विरघळवा, कपात गाळा. दूध वेगळं तापवून सगळ्यात शेवटी कपात वरून ओता. पुन्हा उकळी नाही. तरीही फाटला तर गूळ बदला.

आता प्रश्न ५. साखर नुसती गोड करत नाही. ती पाणी धरून ठेवते, खुसखुशीतपणा आणते, रंग आणते. ज्या पदार्थात तिचं काम फक्त गोडीचं, तिथे खुशाल कापा. जिथे ती बांधकामात आहे, तिथे जपून.

शंकरपाळी: नेहमीचं माप दूध, तूप, साखर एकेक वाटी. साखर पाऊण वाटी केली तर कोणाला कळत नाही. अर्ध्यावर आणली की मैद्याचा चिवटपणा वर येतो, शंकरपाळी पुरीसारखी लागते आणि रंगही पांढुरका राहतो. मग लोक रंगासाठी जास्त तळतात आणि ती दगड होते. अर्धी वाटी साखर घ्यायचीच असेल तर मोहन थोडं वाढवा, पीठ कमी मळा, आच मंद ठेवा.

श्रीखंड: चक्क्याइतकीच साखर ही पद्धत आहे, कारण चक्का आंबट असतो. तेव्हा आंबटपणालाच हात घाला. दही गोडसर असतानाच, म्हणजे विरजल्यावर लागल्या लागल्या, फ्रिजमध्ये टांगा. बाहेर टांगलं की सहा तासांत आणखी आंबतं. अशा अर्धा किलो चक्क्याला पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम साखर भरपूर होते. हापूसचा रस घातला तर दीडशेवर भागतं.

पुरण: डाळ आणि गूळ समसमान ऐवजी किलोला सहाशे-सातशे ग्रॅम गूळ चालतो. पण गूळ कमी झाला की पुरण कोरडं पडतं आणि पोळी लाटताना कडेने फाटते. कट सगळा काढून टाकू नका, वाटीभर डाळीतच राहू द्या आणि पुरण नेहमीपेक्षा जरा सैल असतानाच उतरवा.

उकडीच्या मोदकाचं सारण सगळ्यात सोपं. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ घालतात, तिथे पाऊण घाला. चिमूटभर मीठ आणि जायफळ विसरू नका, त्याने गोडी वर येते.

साखरांबा-मुरांबा मात्र वेगळ्या जातीचे. किसलेल्या कैरीच्या किलोला सव्वा किलो साखर घालतो ती टिकण्यासाठी. पाक होऊन शेवटी साखर दोन तृतीयांशाच्या आसपास जाते. इतक्या साखरेत बुरशीला प्यायला पाणीच उरत नाही. निम्मी साखर घातलीत तर बाहेर ठेवलेल्या बरणीवर आठ-दहा दिवसांत पांढरी साय धरेल किंवा फसफसेल. स्टीव्हिया, सुक्रालोज हे साखरेऐवजीचे गोडवे इथे कुचकामी, ते चिमूटभर लागतात, पाणी धरत नाहीत. पूर्ण साखरेचा थोडाच करा आणि चमच्याने मोजून खा: पोह्याच्या चमच्याने एक चमचा म्हणजे दहा-एक ग्रॅम साखर.

---

गोळीपाणी

वरचं सगळं ठीक, पण मूळ प्रश्नात एक गोष्ट आहे जी कोणीच उचलली नाही आणि ती सगळ्यात आधी यायला हवी. वडील ग्लिमेपिराइडवर आहेत. ‘घरात साखर आणायचीच नाही’ हे त्यांच्या घरात चालणार नाही.

मेटफॉर्मिन एकटं असेल तर शुगर फारशी खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, इन्सुलिन यांनी जाते. साखरबंदीच्या उत्साहात घरातल्या मोठ्यांचा भातही अर्धा होतो, संध्याकाळचं खाणं सुटतं, पण गोळी तेवढीच राहते. मग शुगर ७० च्या खाली येते. घाम, हाताला थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड. वय झालेल्यांत नुसतंच असंबद्ध बोलणं किंवा पेंगणं, आणि घरचे समजतात दमलेत. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर-धडधड झाकली जाते, घाम तेवढा कळतो.

अशा वेळी पंधरा ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी शुगर बघायची, अजून सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की भाकरी-दूध असं काहीतरी पोटात जायला हवं.

आणि इथे या धाग्यापुरती खास गोष्ट. त्यांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे. ते आतड्यात साखर फोडणारं एन्झाइम अडवतं, तेच त्याचं काम. म्हणजे साधी साखर दिली तर ती फुटून रक्तात यायला उशीर लागतो, आणि त्या क्षणी उशीर परवडत नाही. गूळ, पेढा, बिस्किट यांचंही तेच. त्यांना ग्लुकोज पावडरच हवी, कारण ग्लुकोजला फोडावंच लागत नाही. तीन-चार सपाट चमचे अर्ध्या पेल्या पाण्यात. पाकिटावर ‘डेक्स्ट्रोज’ किंवा ‘ग्लुकोज’ लिहिलंय ना ते वाचून घ्या. एक डबा स्वयंपाकघरात, एक त्यांच्या उशाशी, एक पुडी फिरायला जाताना खिशात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. आणि एकदा वर आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ग्लिमेपिराइड दिवसभर काम करतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून जास्त वेळ. काही तासांनी शुगर पुन्हा उतरू शकते. त्या दिवशी दोन-तीनदा तपासा आणि डॉक्टरांना कळवा.

आहार बदलायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, नंतर नाही. बदलल्यावर दोन आठवडे सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणाआधी ग्लुकोमीटरवर बघून वहीत लिहा. ती वही बघून ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपण होऊन गोळी अर्धी करू नका. एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नाही, ते गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं.

अवांतर: जुलाब-उलट्यांत ओआरएसमधली साखर काढू नका. आतड्यात मीठ आणि पाणी आत ओढलं जातं ते ग्लुकोजच्या सोबतीने. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. स्टीव्हिया घालून केलेलं नुसतं खारट पाणी. शुगर असलेल्यांनीही अशा वेळी ओआरएस घ्यायचं, शुगर मात्र मधून मधून बघायची. व्होग्लिबोज घेणाऱ्याला पाकिटाचंच बरं, त्यात ग्लुकोज असतं.

---

दाढ

दातांचं राहिलं. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात, तोंडातला पीएच साडेपाचच्या खाली गेला (म्हणजे आम्लता वाढली) की दाताचं कवच विरघळायला लागतं, आणि लाळेला ते पूर्ववत करायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. त्यामुळे किती साखर खाल्ली याइतकंच किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचं. जेवणाबरोबर एक जिलबी परवडली, पण तासातासाला घोट घोट गोड चहा किंवा दप्तरातल्या चिकट गोळ्या नकोत. मुलीला गोड द्यायचं तर जेवणाच्या ताटात द्या. रात्री दात घासल्यावर पावडर घातलेलं दूध नाही. गूळ-मध चिकट, उलट जास्त वेळ राहतात.

---

बारीक_अक्षर

साखर घरात आणली नाही तरी ती पाकिटातून येते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणून पहिली तीन नावं वाचा. साखर तिसऱ्या नंबरवर आहे म्हणून खूश होऊ नका. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप असं तीन नावांनी लिहिलं की प्रत्येक जण खाली सरकतो. बेरीज केली तर पहिला नंबर यायचा. माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट, खजुराचं सिरप ही त्याच घराण्यातली मंडळी.

मागच्या तक्त्यात ‘एकूण साखर’ आणि ‘घातलेली साखर’ असे दोन आकडे असतात. दूध-दह्याच्या पदार्थात पहिला आकडा दुधाच्या साखरेने फुगतो, तेव्हा दुसरा बघा. आणि आकडा शंभर ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा, हेही.

‘शुगर फ्री’ लिहायला एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे शंभर ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर नको. ‘नो ॲडेड शुगर’ ही निराळी भानगड: वरून घातली नाही एवढंच, मुळातली कितीही असू शकते. आणि दोन्हींत मैदा भरपूर असू शकतो.

ढोबळ अंदाज देतो. कोला ३०० मिलि: ३० ग्रॅमच्या वर. ‘शंभर टक्के’ डब्यातला रस २०० मिलि: वीस ते चोवीस. बिनबर्फाचा उसाचा रस, मोठा पेला: तीस तरी. टोमॅटो सॉस एक मोठा चमचा: चार. मारी चार: पाच ग्रॅम साखर, वर बारा-तेरा ग्रॅम मैदा. च्यवनप्राश एक चमचा: निम्म्याहून जास्त साखरच. मुलीच्या दुधातली चॉकलेटी पावडर: शंभर ग्रॅमला तीस-पस्तीस सहज निघते, डबा फिरवून बघा. चहानंतर पहिला हात मी त्या डब्याला घातला असता. दोन मोठे चमचे पावडरीऐवजी एक छोटा चमचा कोको, अर्धा चमचा साखर आणि गरम दूध, खर्चही कमी.

प्रश्न ३ बद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी म्हणून हे गोडवे वापरू नका. मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही. म्हणून वडिलांनी चहात शुगर फ्रीची एखादी गोळी टाकली तर मी भांडणार नाही, मुलीला मात्र देऊ नये. तिची जीभ सवयीने घडते आहे, ती तेवढ्याच गोडाला चटावलेली राहील.

---

दोनतारी

बारीक_अक्षर, अर्धी सहमत. माझा आक्षेप ‘शुगर फ्री’ मिठाईवर जास्त आहे. त्या पेढ्यात साखरेऐवजी बऱ्याचदा माल्टिटॉल असतं: ग्रॅमला दोन कॅलरी, शुगरही थोडी वाढवतंच, आणि चार-पाच पेढे खाल्ले की पोटात गुडगुड, मग जुलाब. खवा तर आहे तसाच, त्याचं तूप कुठे गेलं? माणूस ‘शुगर फ्री आहे’ म्हणून एकाऐवजी तीन खातो.

घरी वापरायचं तर एवढं ध्यानात ठेवा. अ‍ॅस्पार्टेम उकळलं की गोडी जाते; बासुंदी-खीर गॅसवरून उतरवून कोमट झाल्यावर घाला. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ते पूर्ण वर्ज्य. सुक्रालोज तापवलेलं चालतं, पण केक फुगत नाही आणि रंगत नाही. स्टीव्हिया जास्त झाला की जिभेच्या मागे कडवट ज्येष्ठमधासारखी चव रेंगाळते. तो नेहमी वाटतं त्याच्या निम्मा घाला.

---

वजनकाटा

प्रश्न ४ अर्धवट राहिला होता. तोटा साखर सोडण्याचा नाही, तिच्या जागी काय येतं त्याचा आहे. शरीराला साखर वेगळी लागत नाही, भाकरी-भाताचं ग्लुकोजच होतं. पण चारच्या चहाची गोडी गेली की हात खारी आणि शेवेकडे जातो. शंभर ग्रॅम शेव साडेपाचशे कॅलरीच्या आसपास. त्या वेळेला मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे, ताक, पेरू असं काहीतरी आधीच समोर हवं. भूक लागल्यावर शोधायला गेलात तर शेवेचा डबाच सापडतो.

दुसरं, ज्यांचं वजन मुळातच कमी आहे किंवा ज्यांचं जेवण तुटलंय अशा म्हाताऱ्या माणसांची साखर-तूप ओढून घेऊ नका. त्यांना शुगर नसेल तर डिंकाचा लाडू हेच त्यांचं अर्धं जेवण असतं.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार. गोळीपाणी, व्होग्लिबोजचं अजिबात माहीत नव्हतं. ग्लुकोजचा डबा आणि डॉक्टरांची वेळ, दोन्ही उद्याच. साखर आणायची बंद नाही, महिन्याला किलोभर असं ठरवतोय. शेवटचं एक: मुलीला साखरांबा रोज पोळीबरोबर लागतो. कमी साखरेचा टिकवायचा काही मार्ग?

---

दोनतारी

फ्रीजर. अर्धा किलो कैरीचा कीस घट्ट पिळून घ्या (पाणी आमटीला), झाकण ठेवून दहा मिनिटं वाफवा. कीस पारदर्शक दिसायला लागला की दोनशे ग्रॅम साखर, वेलची, दोन लवंगा. साखर आधी घालू नका, कीस आकसून चिवट होतो. पाक सुटेल, मध्यम आचेवर पाणी आटेपर्यंत ढवळा. तार बघायची नाही, येणारच नाही. गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, गोठल्यावर वड्या डब्यात काढा. एका वडीत सहा-सात ग्रॅम साखर. दोन-तीन महिने राहतो. सकाळी एकच वडी वाटीत काढून ठेवायची, आणि बाहेर काढलेली परत आत टाकायची नाही.